बहात्तर गावांची घटना

1938 सालच्या नोव्हेंबरात औंधच्या राजेसाहेबांची सत्तरी साजरी झाली. संस्थानात राजाचा वाढदिवस म्हणजे नजराणे, पानसुपारी, पंगती, आणि रयतेचं नशीब असेल तर एखादी सूट किंवा माफी. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्या वर्षी रयतेला राज्यच देऊन टाकलं. यापुढे कारभार लोकांनी करायचा, असं त्यांनी जाहीर केलं आणि दोनेक महिन्यांत, 21 जानेवारी 1939 रोजी, औंधची स्वराज्य घटना अमलात आली. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी मताचा हक्क जमीन, सारा आणि शिक्षण पाहून मिळत होता. देशाची राज्यघटना लिहायला बसण्याआधी आठ वर्षं, माणदेशाला लागून असलेल्या या कोरड्या टापूत, राज्य कसं चालावं हे गावाला विचारायची व्यवस्था उभी राहिली.

औंध संस्थान नकाशावर सांडलेल्या धान्यासारखं दिसायचं. 72 गावं, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती, सुमारे 500 चौरस मैल मुलूख, आणि तोही सलग नाही. मधे इंग्रजी हद्द, मधे दुसऱ्या संस्थानिकाची शिव. मुख्य ठाणं औंध, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी, आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात. कुंडल आणि आटपाडी आज सांगली जिल्ह्यात. चौथा तालुका गुणदाळ, थेट विजापूरकडे, कानडी बोलणाऱ्या मुलखात. तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. 1949 मध्ये साताऱ्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून या प्रकरणात सातारा आणि सांगली वेगळे काढता येत नाहीत. ज्या माणसांची ही गोष्ट आहे त्यांना तो एकच मुलूख होता.

बाळासाहेबांची ओळख महाराष्ट्राला सूर्यनमस्कारांचा प्रचारक म्हणून आहे. ते चित्रकार होते, कीर्तन करत, औंधला त्यांनी कलासंग्रहालय उभारलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर जागा देऊन त्यांनी किर्लोस्करवाडी वसवायला हातभार लावला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वाडीनं बांधलेली तालीम पाहायला येणारा राजा आठवत असेल, तर तो याच संस्थानातला. रयतेच्या दारी जाणारा, पण राजाच. अशा माणसानं सत्ता सोडावी हे आपोआप घडलं नाही.

ते घडवण्यात दोघांचा हात होता. एक त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, वय 26, ऑक्सफर्डला शिकून आणि बॅरिस्टर होऊन परतलेले. दुसरे मॉरिस फ्रिडमन, पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेले अभियंता. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी त्यांना बंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्यासाठी आणलं होतं. फ्रिडमन रमण महर्षींकडे जात, गांधीजींकडे जात, चरख्यात सुधारणा करत, आणि भारतानंद हे नाव घेऊन भगव्या कफनीत वावरत. कल्पना पक्की झाल्यावर मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे गेली. घटनेचा आराखडा तिथे आकाराला आला. गांधीजींनी ‘हरिजन’मधून या घटनेबद्दल लिहिलंही. राजानं रयतेचा पहिला सेवक व्हावं, तरुण राजपुत्रानं खादी घालून गावात राहावं, लोकांबरोबर खावं-प्यावं, अशी त्यांची अपेक्षा होती. सत्तेचा त्याग कागदावर करून भागणार नाही, तो अंगवळणी पडायला हवा, हे त्यांना कळत होतं.

घटनेचा सांगाडा खालून वर चढत जाणारा होता. प्रत्येक गावानं पाच पंच निवडायचे. पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुका समिती. तालुका समित्यांतून निवडून गेलेल्यांची मध्यवर्ती विधिसभा, आणि मंत्री त्या सभेला जबाबदार. गावातले तंटे गावात, पंचांसमोर, गावाच्या भाषेत मिटायचे. तालुक्याचं ठिकाण, वकिलाची फी, तारखेमागून तारीख आणि बुडलेला दिवस यांचा हिशेब ज्यानं कधी केला आहे, त्याला यातली सुटका सांगावी लागणार नाही.

औंधचा मोठेपणा दिसायला शेजारी पाहावं लागतं. त्याच हिवाळ्यात काठेवाडातल्या राजकोटमध्ये प्रजेचा लढा पेटला होता. डिसेंबर 1938 मध्ये तिथल्या ठाकोरसाहेबांनी सुधारणांचा मसुदा करणारी समिती नेमायचं वल्लभभाई पटेलांना कबूल केलं आणि मग शब्द फिरवला. मार्च 1939 मध्ये गांधीजींना तिथे उपोषणाला बसावं लागलं. समितीवर कोण बसणार, एवढ्यावरून हे सगळं झालं. घटना लिहिणाऱ्या टेबलाशी खुर्ची कोणाला, हा प्रश्न किती मोठा आहे ते राजकोटनं दाखवलं.

आणि म्हणूनच तो प्रश्न औंधलाही विचारायला हवा. सेवाग्रामच्या त्या बैठकीत कोण होतं? राजा, राजपुत्र, पोलंडचा अभियंता आणि महात्मा. आटपाडीचा मेंढपाळ नव्हता, कुंडलचा कुळवाडी नव्हता, गुणदाळची कानडी बोलणारी बाई नव्हती. लोकांच्या हाती राज्य देणारी घटना लोकांना न विचारता लिहिली गेली. औंधबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, तरी हे नोंदवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. राजा उदार होता म्हणून रयतेला हक्क मिळाला. राजा कंजूष असता तर?

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण घटना नुसती लिहून होत नाही, ती वापरून होते. कुठलंही गाव आठवून पाहा. तिथे सार्वभौमत्व, अधिकारविभागणी असे शब्द कोणी बोलत नाही. विहिरीवर पाळी कोणाची, रस्त्याला कोणाच्या बांधाची जमीन जाणार, शाळा मारुतीच्या देवळात भरवायची की वेगळी खोली बांधायची, पट्टी किती बसवायची, यावर बोललं जातं. यातला प्रत्येक प्रश्न घटनेचाच असतो. पट्टी बसवण्याचा अधिकार कोणाचा, हा कर आकारणीचा प्रश्न. बांधाची जमीन घ्यायची तर भरपाई काय, हा मालमत्तेच्या हक्काचा. विहिरीवर कोणी यायचं आणि कोणी नाही, हा समतेचा. औंधच्या रचनेत हे प्रश्न अर्ज होऊन हुजुरांकडे जायचे थांबले आणि गावकऱ्यांच्याच पुढ्यात येऊन बसले.

कुंडलच्या भूमीत हे किती मुरलं, हे 1942 नंतर दिसलं. चले जाव चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि 1943 ते 1946 या काळात गावोगाव समित्या आणि न्यायदान मंडळं चालली. त्याच्या लढाऊ दलाची, तुफान सेनेची घडण कुंडलला झाली आणि जी. डी. बापू लाड हे कुंडलचेच. संस्थानाची हद्द लागली की इंग्रजी पोलिसांना मोकाट शिरता येत नसे, याचाही भूमिगतांना आधार झाला. औंधच्या घटनेतूनच प्रतिसरकार निघालं असं कोणी म्हटलं तर मी ते मानणार नाही. त्यामागे सत्यशोधकांची दोन पिढ्यांची मशागत होती, 1930 चे जंगल सत्याग्रह होते, युद्धकाळातली महागाई होती. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: कायदा वरून उतरतो हा समज मोडलेली माणसं. तंटे मिटवणारी, हुंडा आणि खर्चिक लग्नं बंद करून साधी गांधी लग्नं लावणारी, दारूबंदी पाळायला लावणारी. शिक्षा करताना या मंडळींचा हात कधी कधी फार जड पडला. लोकांच्या न्यायालाही मर्यादा लागते, आणि ती कोणी ठरवायची हा पुन्हा घटनेचाच प्रश्न.

आटपाडीकडे औंधच्या काळातली आणखी एक खूण आजही उभी आहे. 1939 मध्ये तिथे स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत सुरू झाली. शिक्षा झालेल्या माणसांनी भिंतीविना राहायचं, शेती करायची, बायकामुलांना सोबत ठेवायचं. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 सालच्या चित्रपटाची प्रेरणा इथली, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच संस्थानातल्या माडगुळ्याचे. कैद्यावर विश्वास टाकता येतो, तर शेतकऱ्यावर का नाही, असा विचार करणाऱ्या राज्याची ती निशाणी आहे.

आता खटाव तालुक्यातलीच दुसरी गोष्ट सांगायला हवी. ती औंधच्या घटनेच्या अडतीस वर्षं आधीची आहे आणि तिच्याशिवाय औंधचा विचार अपुरा राहतो.

1901 सालचा उन्हाळा. साताऱ्याच्या शाळेत शिकणारा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खोदला जात होता. पोरांना नवे कपडे शिवले होते, जरीच्या टोप्या होत्या, पहिल्यांदाच आगगाडीत बसायचं होतं. मसूर स्टेशनावर ती उतरली. निरोपाचं पत्र वडिलांपर्यंत पोचलं नव्हतं, त्यामुळे घ्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं आधी आस्थेनं चौकशी केली आणि मुलं महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं आणि वर अट अशी की गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार. बैल हाकत ती मुलं रात्रीच्या अंधारात निघाली. जवळ फराळाचं होतं, पण ते घशाखाली उतरवायला कोणी पाणी दिलं नाही.

तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्या दिवसापर्यंत अस्पृश्यता त्याला ठाऊक होती, त्या प्रवासानं ती हाडात भिनली. पुढे 4 नोव्हेंबर 1948 रोजी, राज्यघटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना, खेडं हा राज्याचा पाया करा म्हणणाऱ्यांना त्यांनी जे उत्तर दिलं ते फार कडक होतं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर आहे, आणि मसुद्यानं व्यक्तीला घटक मानलं याचा आपल्याला आनंद आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. गांधीवादी मंडळी दुखावली. पण मसूरहून निघालेल्या त्या बैलगाडीत ज्यानं रात्र काढली, त्यानं गावाच्या एकमतावर भरवसा कसा ठेवावा? गाडीवान, स्टेशनमास्तर, पाणी नाकारणारे, या सगळ्यांचं त्या दिवशी एकमतच होतं.

औंध आणि गोरेगावचा रस्ता एकाच तालुक्यात आहेत, आणि मला हे दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं. गावाला शहाणपण असतं आणि गाव क्रूरही असतं. पश्चिम महाराष्ट्रात आपण बिनविरोध निवडणुकीचं केवढं कौतुक करतो. गावाची एकी, खर्च वाचला, भांडण टळलं. पण बिनविरोध ठरलं कुठे? कोणाच्या वाड्यात, कोणाच्या ओसरीवर, आणि त्या ओसरीवर कोण चढूच शकत नव्हतं? ज्या घरच्या सुनेला बैठकीत बोलायची सवय नाही, ज्याची चूल गावाबाहेर पेटते, त्याचा होकार न विचारता धरला जातो. सामान्य नागरिकाला घटनेच्या विचारात घ्यायचं म्हणताना पहिली अडचण इथली आहे. सामान्य नागरिक असा एकसारखा कोणी नसतो. त्यातले काही आधीच बोलत असतात, बाकीच्यांचा आवाज त्यांच्याच तोंडून ऐकू येतो.

आंबेडकरांनी मसुदा मांडला तेव्हा औंध संस्थान उरलं नव्हतं. 8 मार्च 1948 रोजी दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. विलीनीकरणाच्या करारावर सही राजांची होती. ज्या रयतेला नऊ वर्षांपूर्वी राज्य मिळालं होतं, तिच्या सहीची त्या कागदाला गरज नव्हती. देश एक व्हायला हवा होता हे कबूलच आहे आणि बाळासाहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत हे त्यांच्या स्वभावाला साजेसंच. तरी त्या नऊ वर्षांची कसली तरी दखल नव्या घटनेत असायला हवी होती, ही खंत राहते.

थोडी दखल आली, आडवाटेनं. 22 नोव्हेंबर 1948 रोजी के. संथानम यांनी ग्रामपंचायतींबद्दलचं कलम सुचवलं, आंबेडकरांनी ते स्वीकारलं, आणि आजचं कलम 40 तयार झालं. राज्यानं ग्रामपंचायती संघटित कराव्यात, एवढं मार्गदर्शक तत्त्व. त्याआधी राज्यघटनेचा मसुदा आठ महिने जनतेपुढे होता, सूचना येत होत्या, आणि पुढे समितीत 7,635 दुरुस्त्या दाखल झाल्या. हे काही थोडं नाही. पण घटना समितीवरचे प्रांतांचे सदस्य विधिमंडळांनी निवडलेले होते आणि ती विधिमंडळं मर्यादित मताधिकारावर आलेली. दुरुस्तीची वाटही आपण खासदारांच्या हातीच ठेवली. कलम 368 प्रमाणे संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत, आणि काही विषयांसाठी निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती. 2023 पर्यंत अशा 106 दुरुस्त्या झाल्या. 1992 च्या 73 व्या दुरुस्तीनं ग्रामसभेला घटनेत जागा दिली आणि 24 एप्रिल 1993 पासून ती लागू झाली. गावाच्या हक्काची एवढी मोठी दुरुस्ती, पण ती मंजूर होताना ग्रामसभेला विचारण्याची सोय कुठेच नव्हती. आजही नाही.

ग्रामसभा कशा चालतात ते आपण जाणतोच. महाराष्ट्रात वर्षाला चार सभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांचे 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा लहान तो. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर. महिलांची वेगळी सभा आधी घ्यायची हा नियम चांगला आहे आणि जिथे तो मनापासून पाळला जातो तिथे फरक पडतो. बाकी ठिकाणी वही फिरते.

लोकांना विचारायचं म्हणजे मतदान घ्यायचं, असं आपल्याला चटकन वाटतं. गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी तसं घडलं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? फूल आणि दोन पानं अशी दोन चिन्हं. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. विलीनीकरणाच्या बाजूचा मराठी माणूस हरला आणि त्यानं निकाल मानला, ही मोठी गोष्ट. पण त्या पेटीत दोनच उत्तरं मावत होती. विलीन होऊ, पण भाषेची हमी काय, असं म्हणणाऱ्याला तिथे चिन्ह नव्हतं. लोकांना मोजणं आणि लोकांचं ऐकून घेणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

ऐकून घेण्याचं काम अलीकडे सगळ्यांत नेटानं आयर्लंडनं केलं. गर्भपाताला जवळपास पूर्ण बंदी घालणारं कलम त्यांच्या राज्यघटनेत 1983 पासून होतं आणि ते हात लावील त्या पक्षाला भाजत होतं. 2016 मध्ये सरकारनं नागरिकांची सभा बोलावली. 99 नागरिक, लोकसंख्येच्या प्रमाणात स्त्रिया-पुरुष, वय, प्रदेश पाहून, पण नावं चिठ्ठीच्या न्यायानं निघालेली, आणि अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. शनिवार-रविवारी ही मंडळी डब्लिनजवळच्या मालाहाइड गावच्या एका हॉटेलात जमायची. डॉक्टरांचं ऐकायची, कायद्याच्या जाणकारांचं ऐकायची, दोन्ही बाजूंच्या बायकांचे अनुभव ऐकायची, मग लहान गोल टेबलांभोवती आपसात बोलायची. त्यांची शिफारस संसदेकडे गेली, आणि 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी कलम बदलायला कौल दिला. राजकारणी ज्या विषयाला घाबरत होते, त्यावर ट्रक चालवणारा आणि दुकानात उभी राहणारी शांतपणे बोलू शकली.

नेहमी असंच होतं असं नाही. आइसलँडमध्ये 2010 साली चिठ्ठीनं निवडलेल्या सुमारे 950 नागरिकांनी नव्या घटनेची मूल्यं ठरवली, पुढे 25 जणांनी मसुदा लिहिला, 2012 च्या सार्वमतात दोन तृतीयांश लोकांनी त्याला पाठिंबा दिला, आणि संसदेनं तो बाजूला ठेवला. आजतागायत तो कायदा झालेला नाही. राजकोटचे ठाकोरसाहेब सगळीकडे असतात. ऐकलेलं बांधील नसेल तर ऐकण्याची किंमत ज्याच्या हाती सत्ता तो ठरवतो. औंधच्या राजांनी आधी सत्ता सोडली आणि मग गावाला बोलायला बसवलं, तो क्रम बरोबर होता.

चिठ्ठी ही आपल्याला परकी नाही. तमिळनाडूतल्या उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात गावसमितीचे सदस्य मडक्यातून चिठ्ठी काढून निवडण्याची रीत कोरलेली आहे. तिथेही जमीन आणि शिक्षणाची अट होती, सगळ्यांची नावं मडक्यात पडत नव्हती. आपल्याकडे तर दर पाच वर्षांनी तहसील कचेरीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते. सभागृह खचाखच भरलेलं असतं, तहसीलदार बसलेले, काचेची बरणी, आणि एखाद्या शाळकरी मुलाला पुढे बोलावून चिठ्ठी काढायला लावतात. त्या पोरानं काढलेली चिठ्ठी सगळे गट निमूट मानतात. मुरलेला पुढारीही मानतो, कारण तिच्यावर कोणाचा हात फिरलेला नाही. एवढा विश्वास ज्या पद्धतीवर आधीच आहे, ती आपण फक्त खुर्ची कोणत्या प्रवर्गाला जाणार एवढ्यापुरती वापरतो.

आणि सामान्य माणसाला मूलभूत तत्त्वांवर विचार करता येतो का, याचं उत्तर सांगली जिल्ह्यानंच देऊन ठेवलं आहे. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधलं. नदीतल्या वाळूवर हक्क गावाचा, ठेकेदाराचा नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी वाळूच्या विक्रीतून पैसा उभा केला. मग प्रश्न आला पाणी कोणाला. आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम, ज्याची जमीन त्याचं पाणी. या लोकांनी बसून, भांडून, हिशेब मांडून वेगळा नियम केला: पाणी माणसाला, प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही. पुढे 1993 पासून प्रतिसरकारातलेच लढवय्ये नागनाथअण्णा नायकवडी आटपाडीत 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवत राहिले आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी गावोगाव पोचली. हक्क जमिनीला चिकटलेला असावा की माणसाला, हा कुठल्याही राज्यघटनेतला अवघडातला अवघड प्रश्न आहे. तो दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या माणसांनी सोडवला. त्यातल्या कित्येकांनी घटनेचं पुस्तक हातातही धरलं नसेल.

तेव्हा उद्या एखाद्या घटनादुरुस्तीवर सातारा-सांगलीच्या नागरिकांची सभा बसवायची झाली, तर मी चिठ्ठीनं निवडलेली 99 माणसं मागेन. त्यात पारधी पालावरचं कोणी हवं, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं कोणी हवं, कृष्णाकाठचा बागायतदार हवा आणि जतचा कानडी बोलणारा मेंढपाळही हवा. विषय एकच द्यावा, उदाहरणार्थ पाण्यावरचा हक्क घटनेत लिहायचा का आणि कसा. सहा महिने द्यावेत. दोन्ही बाजूंचे जाणकार त्यांच्यापुढे उभे करावेत, आणि जाणकारांनी मराठीत बोलावं, जतच्या माणसासाठी कानडीतही. टेबलं लहान असावीत, म्हणजे मोठ्या आवाजाला मैदान मिळत नाही. आणि जे ठरेल त्यावर संसदेत चर्चा झालीच पाहिजे, असं आधी लिहून घ्यावं.

एक बाब मात्र पहिल्या दिवसाच्या आधी मिटवायला हवी. चिठ्ठीत नाव निघालेली आटपाडीकडची शेतमजूर बाई सभेला येणार म्हणजे तिची त्या दिवसाची रोजंदारी बुडणार. घरी लेकरू कोणाकडे ठेवणार? साताऱ्याला यायला एसटी कधीची, परत जायला शेवटची गाडी किती वाजता, स्टँडवरून तिला सभागृहापर्यंत कोण आणणार? आणि तिथे पोचल्यावर तिच्यापुढे पाण्याचा तांब्या कोण ठेवणार?